गाडीला शनिवारचे तेल

गुरुदत्त प्रधानच्या गाडीची किल्ली फिरवणे ही एक कला होती, आणि त्या कलेचा जगातला एकमेव जाणकार स्वतः गुरुदत्त होता. किल्ली आधी पूर्ण आत घालायची, मग नखभर बाहेर ओढायची, किंचित वर उचलायची, डाव्या हाताने स्टीअरिंग हलवत राहायचे आणि किल्लीला संशय येऊ न देता ती एकदम फिरवायची. एवढे करून इग्निशनचे कुलूप मानले तर गाडी सुरू व्हायची. नाही मानले तर पुन्हा पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात पाच वर्षे नोकरी करणाऱ्या माणसाने १९९८ सालची गाडी का वापरावी, असे कोणी विचारले की तो म्हणायचा, "जुनं ते सोनं. नव्या गाड्या म्हणजे नुसतं प्लास्टिक." खरे कारण असे की त्या किल्लीमुळे घरात त्याचे महत्त्व होते, आणि एवढ्या वर्षांत महत्त्वाचे दुसरे साधन काही त्याला सापडलेले नव्हते.

कुलूप झिजले आहे हे निदान त्याचेच. औषधही त्याचेच. दर शनिवारी सकाळी आंघोळ करून तो किल्लीच्या भोकात खोबरेल तेलाचे चार थेंब सोडायचा, मारुतीला घालावे तसे. मंजिरीने एकदा विचारले होते, "कुलपात कुणी केसांचं तेल घालतं का?"

"नॅचरल लुब्रिकंट आहे ते. पुण्याच्या घरातल्या कपाटाला चाळीस वर्षं हेच घालतोय आम्ही. आणि तू मेकॅनिकल केलंयस का मी?"

मेकॅनिकल त्याने केले होते, हे खरे. पदवी घेतल्यावर त्याने यंत्राला हात म्हणून लावला नव्हता. गॅस कंपनीच्या वातानुकूलित ऑफिसात बसून कोणत्या यंत्राची दुरुस्ती कोणत्या आठवड्यात करायची याचे तक्ते तो बनवायचा. दुरुस्ती इतर लोक करायचे. पण पदवी ती पदवी, आणि पुण्याची पदवी तर बोलायला लागली की थांबतच नाही.

मंजिरी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत रक्त काढायचे काम करायची. हात इतका हलका की सुई टोचली हे पेशंटला नंतर कापूस दाबला की कळायचे. तीन वर्षे कंत्राटावर काढल्यावर आता तिला कायमची जागा देऊ केली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांचे रक्त आणायचे काम. अट एकच, गाडीचे लायसन्स हवे. फॉर्म आणि लायसन्सची प्रत शुक्रवारी सकाळी दहाच्या आत द्यायची, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. तीन वर्षे मंजिरी कामावर जायची ती गुरुदत्तच्या सोयीने, यायची ती गुरुदत्तच्या सोयीने, आणि त्याला मीटिंग असली की हॉस्पिटलच्या बाकावर तासभर बसायची. तिला ती नोकरी किती हवी होती हे त्या बाकाला माहीत होते.

ड्रायव्हिंगची एक टेस्ट तिने तीन आठवड्यांपूर्वी दिली होती. दिली म्हणणेही जास्त झाले. जूनमधली सकाळ, आठ वाजून वीस मिनिटे. डार्विनच्या मानाने हवा चांगलीच गार होती आणि लोकांनी वर्षातून एकदा घालायचे स्वेटर बाहेर काढले होते. जाडजूड परीक्षक शेजारी येऊन बसला, बेल्ट लावला आणि म्हणाला, "व्हेनेव्हर यू आर रेडी."

मंजिरी रेडी होती. किल्ली नव्हती. मंजिरीने ती ओढली, उचलली, ढकलली. पंधरा पावलांवर गुरुदत्त उभा होता. तो दोन्ही हात हवेत हलवत ओरडू लागला, "वर उचल! वर! आता डावीकडे! अगं स्टीअरिंग!"

परीक्षकाने काचेतून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "त्या माणसाला बरं नाहीये का?"

"माझे मिस्टर आहेत," मंजिरी म्हणाली.

सात मिनिटांनी परीक्षकाने बेल्ट सोडला. जी गाडी सुरू होत नाही तिच्यात टेस्ट होत नाही, असे अगदी सौम्यपणे सांगून तो निघून गेला. मंजिरी गाडीतच बसून राहिली. तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. गुरुदत्तने येऊन खिडकीत डोके घातले, दोन सेकंदांत किल्ली फिरवून दाखवली आणि म्हणाला, "बघ, किती सोपं आहे!" त्या क्षणी तिच्या हातात सुई नव्हती हे त्याचे नशीब.

दुसरी तारीख मिळाली ती थेट त्याच शुक्रवारची. वेळ तीच, आठ वीस. म्हणजे नापास झाली तर दहा वाजता जागा गेली. त्या सोमवारी मंजिरी म्हणाली, "लॉकस्मिथला बोलव. कुलूप बदलून टाक."

"लॉकस्मिथ?" गुरुदत्त असा हसला की जणू तिने जेवण भरवायला माणूस बोलावला होता. "अर्ध्या तासाचं काम आहे. झिजलेला बॅरल, म्हणजे कुलपाची आतली नळी, काढायचा, नवीन घालायचा. मी ऑनलाइन ऑर्डर करून ठेवलाय. गुरुवारी सुट्टी टाकतो."

"गुरू, शुक्रवारी टेस्ट आहे. तू हात लावू नकोस. प्लीज."

"तू टेन्शन घेऊ नकोस. तू फक्त पार्किंगची प्रॅक्टिस कर."

गुरुवारी सकाळी सात वाजता मंजिरी तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर कामावर गेली, आणि साडेसातला हृषिकेश मदतीला हजर झाला. हृषिकेश गुरुदत्तचा मित्र, आयटीतला. मदत म्हणजे मोबाइलचा टॉर्च धरणे आणि प्रत्येक गोष्टीला "सही आहे" म्हणणे. उंटावरून शेळ्या हाकायला एक माणूस पुरतो, पण दुसरा असला की शेळ्यांना जरा बरे वाटते. पहिल्या माणसाने, म्हणजे गुरुदत्तने, हाफ पँट घातली होती आणि डोक्याला दिवा लावला होता. दिवसाढवळ्या.

"व्हिडिओत काय म्हणतोय?"

"आधी बॅटरीची वायर काढायला सांगतोय," हृषिकेश म्हणाला.

"कशाला? मग रेडिओची सगळी स्टेशनं परत लावावी लागतात. पुढे जा."

हृषिकेशने व्हिडिओ पुढे सरकवला. स्टीअरिंगखालचे प्लास्टिकचे झाकण निघाले. तीन स्क्रू पोह्यांच्या वाटीत पडले, चौथा गाडीच्या पोटात कुठेतरी गेला आणि परत आला नाही. आता पुढची पायरी. किल्ली पहिल्या खाचेपर्यंत फिरवायची, बारीक सळईने एक खिट्टी दाबायची, कुलपाचा बॅरल किल्लीसकट अलगद हातात येतो. व्हिडिओतल्या माणसाने हे चौदा सेकंदांत केले.

गुरुदत्तने किल्ली ओढली, उचलली, स्टीअरिंग हलवले, संशय येऊ दिला नाही. किल्ली ढिम्म.

"गारठ्यात धातू आकुंचन पावतो," तो म्हणाला.

"सही आहे. मग दहा वाजेपर्यंत थांबू या का? ऊन चढलं की होईल."

ही हृषिकेशने आयुष्यात दिलेली एकमेव चांगली सूचना होती, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. गुरुदत्तने पक्कड आणली. पक्कडीने किल्लीची मान धरली आणि पिरगाळली. कट्‌ असा एक छोटा, स्वच्छ आवाज झाला. किल्लीचे डोके पक्कडीत आले आणि धड कुलपातच राहिले.

गुरुदत्तने पक्कडीतले डोके उलटसुलट करून पाहिले.

"दुसरी किल्ली आहे ना?" हृषिकेशने विचारले.

"आहे. पण ती घालणार कुठे? भोक भरलंय."

"अरे गुरू," हृषिकेश मोबाइल डोळ्यांजवळ नेत म्हणाला, "हा व्हिडिओ आपल्या मॉडेलचा नाहीये. ह्याच्यात कुलूप डॅशबोर्डवर आहे."

दुसऱ्या कोणीही इथे हात टेकले असते. पण नापास होणे आणि ते कबूल करणे यांत गुरुदत्तच्या मते फार फरक होता. तो शेडमध्ये गेला आणि ड्रिल घेऊन आला. घेतल्यापासून ते ड्रिल खोक्यातच होते, कारण भिंतीवर काही टांगायला ड्रिल लागते आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी लागते. कुलपाला परवानगी लागत नाही, असे त्याला वाटले.

दुपारचे तीन वाजेपर्यंत त्याने जेवणाची सुट्टी वगळता ड्रिल चालवले. कुलपाच्या तोंडाची चाळण झाली. आतून काळपट, चिकट, पिठासारखे काहीतरी बाहेर येऊन त्याच्या गुडघ्यांवर पडत होते. "बघ कसं झिजलंय," तो हृषिकेशला दाखवत होता. तेवढ्यात ड्रिल घसरले, शेजारच्या वायरींत घुसले आणि गाडीचा हॉर्न वाजू लागला.

वाजू लागला तो थांबेचना. गुरुदत्तने स्टीअरिंगवर बुक्क्या मारल्या. हृषिकेशने टॉर्च बंद केला, तरी हॉर्न वाजतच राहिला. गल्लीतली सगळी कुत्री त्यात सामील झाली. त्या भागात जुन्या गाड्या फार चोरीला जात असत, आणि हाफ पँटमधला, डोक्याला दिवा लावलेला, हातात ड्रिल घेऊन गाडीच्या स्टीअरिंगखाली आडवा पडलेला माणूस लांबून कसा दिसतो हे गुरुदत्तला दिसायचे काही कारण नव्हते. गल्लीत कुणाला तरी दिसले. दहा मिनिटांत पोलिसांची गाडी आली. तिच्या मागोमाग समोरच्या घरातली कॉलीन नावाची सत्तरीची बाई पाना घेऊन आली, बॉनेट उघडायला लावून तिने बॅटरीची वायर काढली आणि शांतता झाली. तिला अर्धे मिनिट लागले. जाताना ती फक्त एवढेच म्हणाली, "पहिल्यांदा हे करायचं असतं, डार्लिंग."

पोलीसबाई तरुण होती आणि फार सभ्यपणे बोलत होती. "सर, ही गाडी तुमची आहे?"

"ऑफ कोर्स," गुरुदत्त उठून बसत म्हणाला. मग त्याला आठवले. गाडी घेताना, इतकी जुनी गाडी आपल्या नावावर कशाला, नवी येईल ती आपल्या नावावर घेऊ, असे ठरवून त्याने ती मंजिरीच्या नावावर केली होती. नवी गाडी काही आली नव्हती. "म्हणजे, बायकोच्या नावावर आहे. पण तशी माझीच."

"आणि तुम्ही?" तिने हृषिकेशकडे पाहिले.

"मी फक्त टॉर्च धरत होतो," हृषिकेश घाईघाईने म्हणाला. पोलिसांना द्यायला त्याच्याकडे दुसरी काही माहिती नव्हती.

याच वेळी मैत्रिणीच्या गाडीतून मंजिरी उतरली. पोलिसांची गाडी, उघडे बॉनेट, लोंबणाऱ्या वायरी आणि स्टीअरिंगखालचे ते भगदाड तिने एकेक करून पाहिले. उद्याच्या आठ वीसला आता सतरा तास राहिले होते. ती किंचाळली नाही. तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मॅडम, या माणसाला तुम्ही ओळखता?"

"नवरा आहे," मंजिरी म्हणाली. आवाजात अभिमान नव्हता.

"तुमच्या गाडीचं हे काम करायला तुम्ही त्यांना परवानगी दिली होती?"

गुरुदत्तने तिच्याकडे पाहून मान हलवली. हो म्हण, अशी. मंजिरीने भगदाडाकडे पुन्हा एकदा पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "हात लावू नकोस असं सोमवारीच सांगितलं होतं."

"अगं!"

"खरं तेच सांगतेय."

पोलीसबाईच्या तोंडाचा कोपरा हलल्यासारखा झाला. हा घरातला मामला आहे हे तिला कळले असावे. तरी नियम म्हणून तिने गुरुदत्तचे लायसन्स मागितले. त्याने पाकिटातून रुबाबात काढून दिले. तिने ते पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले.

"सर, हे गेल्या ऑगस्टमध्ये संपलंय."

"इम्पॉसिबल. मला कळवलं नाही कोणी."

"मेसेज येतो सर. दोनदा."

मेसेज आले होते. सरकारचे म्हणून येणारे सगळे मेसेज भामट्यांचे असतात, असे गुरुदत्तचे ठाम मत होते, आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याने त्यावर लांबलचक मार्गदर्शनही केले होते. ज्यांनी ते वाचले नव्हते त्यांची लायसन्स शाबूत होती.

"मॅडम लर्नर आहेत ना?" पोलीसबाईने गाडीवरची शिकाऊची पिवळी पाटी पाहिली. "शिकताना शेजारी कोण बसतं?"

सवयीने गुरुदत्तची छाती पुढे आली. "मी! आय ॲम हर इन्स्ट्रक्टर."

पोलीसबाईने वहीचे पान उलटले आणि आणखी बराच वेळ लिहिले.

ती गेल्यावर गुरुदत्त म्हणाला, "आता टेस्ट पुढे ढकलू. गाडीच नाही म्हटल्यावर..."

"तू गप्प बस," मंजिरी म्हणाली. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून बाहेर आले होते. आत ते किती दिवसांपासून होते कोण जाणे. तिने फोन लावला. पहिल्या दोन लॉकस्मिथांनी मंगळवार सांगितला. तिसऱ्याने नाव विचारले आणि थांबला.

"मंजिरी? लॅबमधली मंजिरी? दर पंधरा दिवसांनी माझं रक्त तूच काढतेस!"

तो कॉस्टा निघाला. साठ वर्षांचा ग्रीक म्हातारा. त्याच्या दंडातल्या शिरा सापडत नसत आणि इतरांनी त्याला चार-चारदा टोचून सोडले होते. "तू एकदाच टोचतेस," तो म्हणाला. "पाच वाजता येतो."

पाचला तो आला. त्याने भगदाडाला हात लावला नाही. आधी वाटीतले स्क्रू पाहिले, मग ऑनलाइन मागवलेला नवा बॅरल हातात घेतला आणि तो दुसऱ्याच गाडीचा आहे असे सांगून गुरुदत्तला परत दिला. मग गुरुदत्तच्या गुडघ्यावरचा काळपट गोळा बोटाने उचलून त्याने नाकाजवळ नेला.

"हे काय? केक भाजलात का यात?"

"कोकोनट ऑइल," गुरुदत्त म्हणाला. "नॅचरल लुब्रिकंट."

कॉस्टाने छातीवर हात ठेवला. कुलपात तेल घालत नाहीत, त्याने सांगितले. तेलाला धूळ चिकटते, तिचा चिखल होतो आणि आतल्या बारीक पट्ट्या जागच्या जागी अडकतात. पण त्याला एक कळेना. चिखल झाला तर कुलूप कायमचे अडकायला हवे. हे तर, मंजिरीने सांगितले, रोज दुपारी मुकाट फिरत होते.

मंजिरीने कपाळावर हात मारला. "सकाळी थिजतं ते," ती मराठीतच म्हणाली. मग इंग्रजीत समजावून सांगितले. गारठ्यात खोबरेल तेल गोठते. हिवाळ्यात लहानपणी आई तेलाची बाटली उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्यात. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत असते. मेकॅनिकल न करताही.

कॉस्टा हसत सुटला. "म्हणजे कुलूप झिजलंच नव्हतं! जरा हेअर ड्रायर मारला असतात तर किल्ली फिरली असती. मग साफ करायला मला दहा मिनिटं पुरली असती."

हृषिकेश म्हणाला, "मी म्हटलं होतं दहा वाजेपर्यंत थांबू." गुरुदत्तने त्याला चहा न विचारता घरी पाठवले.

साडेआठपर्यंत कॉस्टा काम करत राहिला. तुटलेले काढले, वायरी जोडल्या, आपल्या व्हॅनमधले योग्य कुलूप बसवले. नव्या किल्ल्या त्याने मंजिरीच्या हातात ठेवल्या. गुरुदत्तचा हात पुढे आलेला होता, तो तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा गारठा होता. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसन्सवाला लागतो, म्हणून पुढे हृषिकेश बसला. मागे गुरुदत्त, मांडीवर लायसन्सच्या नूतनीकरणाची फाइल घेऊन. मंजिरीने दोन बोटांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"बघितलंस?" मागून आवाज आला. "मी सगळं मोकळं करून ठेवलं होतं म्हणून."

परीक्षक तोच होता. त्याने बसल्याबसल्या आधी खिडकीबाहेर पाहिले. गुरुदत्त या वेळी नूतनीकरणाच्या रांगेत होता आणि काचेआडून फक्त त्याचे हातवारे दिसत होते. पस्तीस मिनिटांनी गाडी परत आली. मंजिरी उतरली तेव्हा तिच्या हातात कागद होता. पास.

गुरुदत्तही बाहेर आला. त्याचे काम झाले नव्हते. पत्त्याचा पुरावा म्हणून आणलेले बिल मंजिरीच्या नावावर निघाले होते. तरी त्याने तिच्या हातातला कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागला. सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. खाली परीक्षकाने एक ओळ लिहिली होती. गाडी उत्तम चालवते, पण प्रत्येक वळणाआधी डावीकडच्या सीटकडे पाहते. विचारल्यावर कारण सांगता आले नाही.

परीक्षकाने गाडीतही तिला विचारले होते, "तिथे कोण असतं?" नऊ वर्षे आपण कुठे पाहत होतो ते तिला एका अनोळखी जाड्या माणसाने सांगावे याचा तिला राग आला होता, आणि तो राग अजून गेला नव्हता.

गुरुदत्तला मात्र आनंद झाला. "बघ, बघ! माझ्या शिकवण्याचा रिफ्लेक्स आहे हा. आता काही महिने तरी मी शेजारी बसायलाच हवं. हृषी, ऊठ."

पुढच्या सीटवर परत जाऊन बसलेला हृषिकेश उठू लागला.

"हृषी, बस तू," मंजिरी म्हणाली. हृषिकेश बसला.

गुरुदत्त मागे बसला. मंजिरीने गाडी बाहेर काढली आणि कोपऱ्यावर थांबवली. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"डावीकडे घे," मागून गुरुदत्त पुढे वाकून म्हणाला. "आधी मला ऑफिसला सोड, साडेनऊला मीटिंग आहे. डावीकडे, डावीकडे. अगं इंडिकेटर!"

मंजिरीने आरशात पाहिले, रस्त्याकडे पाहिले. आणखी कुठे पाहिले नाही. मग तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि हॉस्पिटलच्या दिशेने गाडी वळवली.